संस्कार आणि स्मृति

शास्त्रज्ञानें लिहिलेलें आत्मचरित्र हातीं घेतांना आमच्या मनांत नेहमीं थोडी धास्ती असते. एक तर त्यांत शास्त्रच इतकें असतें कीं माणूस कोठें सांपडत नाहीं. नाहीं तर माणूस इतका असतो कीं शास्त्र हें केवळ त्याच्या मानसन्मानांचें निमित्त होऊन बसतें. एरिक कॅंडेल यांचें २००६ सालीं प्रसिद्ध झालेलें ‘इन सर्च ऑफ मेमरी’ हें पुस्तक या दोन्ही दोषांपासून पुष्कळच मुक्त आहे. पुस्तक आज नवें नाहीं, आणि त्याच्या कर्त्यास २००० सालीं नोबेल पारितोषिक मिळालेलें असल्यानें त्याच्या स्तुतीचीही उणीव पडलेली नाहीं. तथापि मेंदूंतील ज्या सूक्ष्म सांध्यांवर तें उभें आहे, ते सांधे निकामी होऊं लागले म्हणजे माणसाचें काय होतें, हा प्रश्न आतां घरोघरीं येऊन ठेपला आहे. त्या दृष्टीनें तें पुनः वाचतांना आम्हांस जें वाटलें तें येथें मांडीत आहों.

पुस्तकाचा आरंभ एका आठवणीनें होतो. १९३८ च्या नोव्हेंबरांत व्हिएन्ना शहरांतील एका ज्यू मुलास नवव्या वाढदिवशीं दुरून चालवितां येणारी निळी खेळण्यांतली मोटार मिळाली. बापाचें खेळण्यांचेंच दुकान होतें. दोन दिवसांनीं दारावर थापा पडल्या, पोलिसांनीं सर्वांस घराबाहेर काढलें, आणि कांहीं दिवसांनीं तीं माणसें परतलीं तों घरांतील किंमतीच्या साऱ्या वस्तूंबरोबर ती मोटारही नाहींशी झाली होती. पुढच्या एप्रिलमध्यें तो मुलगा थोरल्या भावाचें बोट धरून अमेरिकेस निघाला. तेथें त्यानें हार्वर्डला इतिहास आणि वाङ्मय यांचा अभ्यास केला, व कारोसा, युंगर आणि त्सुकमायर या तीन जर्मन लेखकांची नाझी राजवटीविषयींची वृत्ति हा प्रबंधाचा विषय घेतला. सुसंस्कृत माणसें पाहतां पाहतां अशीं कशीं होतात, हा त्याचा मूळ प्रश्न. त्याचें उत्तर तो प्रथम वाङ्मयांत, मग मनोविश्लेषणांत आणि शेवटीं मेंदूंत शोधूं लागला. १९५५ सालीं हॅरी ग्रुंडफेस्ट यांच्या प्रयोगशाळेंत येऊन त्यानें फ्रॉइडचा अहंकार मेंदूंत कोठें बसतो तें शोधण्याची इच्छा बोलून दाखविली, तेव्हां एका वेळीं एकच पेशी पाहावी असा सल्ला त्याला मिळाला. हा प्रसंग ग्रंथकारानें स्वतःस हंसून सांगितला आहे, आणि त्यामुळें तो फार गोड उतरला आहे.

येथें वाचकांस त्या सांध्याची ओळख करून दिली पाहिजे. मेंदूंतील चेतापेशी सहसा एकमेकींस चिकटलेल्या नसतात. एकीचें टोंक आणि दुसरीचा देह यांमध्यें सुमारें वीस नॅनोमीटर, म्हणजे एका मिलिमीटरच्या पन्नास हजाराव्या भागाएवढी फट असते. विजेचा आवेग टोंकाशीं आला म्हणजे तेथें सांठविलेलें रसायन त्या फटींत सुटतें आणि पलीकडच्या पेशीस जाऊन भिडतें. या ठिकाणास शेरिंग्टन यांनीं १८९७ सालीं ‘सिनॅप्स’ हें नांव दिलें. तें मूळ त्यांच्या डोक्यांतलें नव्हे. युरिपिडीसच्या नाटकांचे अभ्यासक व्हेरल यांनीं तें सुचविलें, आणि ग्रीक भाषेंत त्याच्या धातूचा अर्थ एकमेकांस धरणें असा होतो. नाटकाच्या पंडितानें शरीरशास्त्रास शब्द द्यावा याचें आम्हांस कौतुक वाटतें. मराठींतील ‘चेतासंधि’ हा शब्दही वाईट नाहीं. मात्र आमच्या व्याकरणांतल्या संधींत दोन स्वर मिळून एक होतात, तसें येथें होत नाहीं. इटलीच्या गोल्जी यांचा समज तसाच होता. सारी मज्जासंस्था हें एक अखंड जाळें आहे असें ते म्हणत. स्पेनच्या काहाल यांनीं पेशी सुट्या असल्याचें दाखविलें. १९०६ सालीं दोघांस एकच पारितोषिक वांटून मिळालें, तेव्हांही गोल्जी आपला पक्ष सोडीनात. ती फट प्रत्यक्ष दिसली ती इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक आल्यावर, १९५० च्या दशकांत.

पुस्तकाचा सर्वांत सरस भाग म्हणजे गोगलगाईचीं प्रकरणें. माणसाच्या मेंदूंत सुमारें ८,६०० कोटी चेतापेशी. ॲप्लिसिया नांवाच्या समुद्री गोगलगाईच्या साऱ्या मज्जासंस्थेंत अवघ्या वीस हजारांच्या आसपास, आणि त्यांतल्या कांहीं तर नुसत्या डोळ्यांस दिसाव्यात इतक्या मोठ्या. तिच्या नळीस स्पर्श केला कीं ती आपला कल्ला आंत ओढून घेते. स्पर्श निरुपद्रवी आणि वारंवार होणारा असला तर ती हळूहळू त्याकडे दुर्लक्ष करूं लागते. शेपटीस विजेचा धक्का बसला तर पुढें हलक्या स्पर्शानेंही दचकते. एका धक्क्याची आठवण कांहीं मिनिटें टिकते, मध्यें अंतर सोडून दिलेल्या पांच धक्क्यांची कित्येक दिवस. पहिल्या प्रकारांत जुन्याच सांध्यांतून रसायन अधिक सुटतें, इतकेंच. दुसऱ्यांत पेशीच्या केंद्रांतील जनुकें जागीं होतात, नवीं प्रथिनें बनतात आणि नवे सांधे फुटतात. क्रेग बेली व मेरी चेन यांनीं ते मोजले. एका संवेदक पेशीचीं सुमारें १,३०० टोंकें दचकावयास शिकल्यानंतर २,७०० झालीं. दुर्लक्ष करावयास शिकलेल्या गोगलगाईंत तीं ८५० वर आलीं. शिकणें हें शरीरांत रचना बदलून बसतें, ही गोष्ट इतक्या निवांतपणें आणि पायरी न चुकवितां सांगणारें दुसरें पुस्तक आमच्या पाहण्यांत नाहीं.

परंतु आमचा पहिला आक्षेप याच आंकड्यांतून निघतो. सांधे कमी होणें हीसुद्धां एक शिकवण आहे, असें गोगलगाय सांगते. म्हणजे चेतासंधीचें आरोग्य त्याच्या संख्येंत किंवा बळकटींत नसून प्रसंगाप्रमाणें वाढण्याच्या व घटण्याच्या शक्तींत आहे. असें असतां उत्तरार्धांत रोगांकडे वळल्यावर ग्रंथकाराचा सारा भर बळकटीवर पडतो. ‘एक छोटी तांबडी गोळी’ अशा अर्थाचें नांव असलेल्या प्रकरणांत म्हाताऱ्या उंदरांची स्मरणशक्ति औषधानें सुधारल्याची हकीकत आहे, आणि तशीं औषधें माणसांसाठीं तयार करण्याकरितां वॉल्टर गिल्बर्ट प्रभृतींसह काढलेल्या कंपनीचीही आहे. या ठिकाणीं लेखणीची चाल बदलते. आधीं शंका घेणारा मनुष्य आतां आश्वासनें देऊं लागतो. ती कंपनी २००८ सालीं रोश या स्विस कंपनीनें विकत घेतली, आणि तांबडी गोळी अद्याप आलेली नाहीं.

अशी आशा वाटावी याला कारण होतें, हेंही सांगितलें पाहिजे. कॅंडेल यांच्याबरोबरच पारितोषिक मिळालेले स्वीडनचे कार्लसन यांनीं सर्पगंधेपासून काढलेलें रेसर्पिन सशांस टोंचलें, तेव्हां ते कान पाडून निश्चल बसले. मग एल-डोपा दिलें, तेव्हां थोड्याच वेळांत हिंडूं लागले. एकानें सांध्यांतील डोपामीनचा सांठा रिता केला होता, दुसऱ्यानें तो भरला. कंपवाताच्या उपचाराची वाट तेथून निघाली. (याच सर्पगंधेचा रक्तदाबावरील गुण मुंबईचे डॉ. रुस्तुम जल वकील यांनीं १९४९ सालीं ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्यें मांडला होता, हें सांगण्याचा मोह आम्हांस आवरत नाहीं.) पण रिता सांठा भरणें वेगळें आणि सांधाच उखडला असतां तो पुनः बसविणें वेगळें. अल्झायमरच्या रोगांत रोग्याची बुद्धि जितकी ओसरते तितके सांधे नाहींसे झालेले आढळतात. मेंदूंत सांचणाऱ्या गांठींपेक्षांही या ऱ्हासाचा बुद्धिनाशाशीं निकटचा मेळ बसतो, असें रॉबर्ट टेरी व त्यांच्या सहकाऱ्यांनीं १९९१ सालींच दाखविलें होतें. २०२३ सालीं अमेरिकेंत पूर्ण मान्यता मिळालेलें लेकॅनेमॅब हें औषध आरंभींच्या अवस्थेंतल्या रोग्यांत १८ महिन्यांत घसरणीचा वेग सुमारें २७ टक्क्यांनीं कमी करतें. गेलेले सांधे तें परत आणून देत नाहीं. दुर्लक्ष करावयास शिकलेल्या गोगलगाईचा सांधा जाणें आणि या रोग्याचा सांधा जाणें यांत भेद काय, या प्रश्नापाशीं ग्रंथकारानें थांबावयास हवें होतें; ते घाईनें पुढें जातात.

आमच्या नात्यांतील एक वृद्ध बाई कांहीं वर्षांपासून आपल्या मुलास ओळखीत नाहींत. त्याचा चेहरा मामावर गेला आहे, म्हणून त्या त्याला ‘दादा’ अशी हांक मारतात. पहिल्या पहिल्यानें तो बिचारा कळवळून सांगे, ‘आई, मी तुझा मुलगा.’ आतां ‘काय ग?’ म्हणून ओ देतो. त्याच बाईंच्या हातांत कापूस दिला कीं त्या पूर्वीसारख्या एकसारख्या वाती वळून ठेवतात. हें पाहून आम्हांस कॅंडेल यांनीं वर्णिलेला ब्रेंडा मिल्नर यांचा रोगी आठवला. १९५३ सालच्या शस्त्रक्रियेनंतर त्याला नवी गोष्ट लक्षांत राहत नसे. पण आरशांत पाहून चांदणीची आकृति गिरविण्यांत त्याचा हात दिवसेंदिवस बसत गेला, आणि आपण हें पूर्वीं केलें आहे याची मात्र त्याला दाद नव्हती.

आमच्या नैयायिकांनीं संस्कार आणि स्मृति हे दोन पदार्थ वेगळे मानले आहेत. अनुभवानें मागें ठेवलेला ठसा तो संस्कार. त्या ठशापासून पुढें उपजणारें ज्ञान ती स्मृति. इंग्रजींत दोहोंस एकच शब्द पडतो, आणि आमच्या मतें या पुस्तकाचें मर्मस्थान तेथेंच दुबळें राहिलें आहे. अजाण आणि सजाण अशी आठवणीची विभागणी ग्रंथकार करतात, उंदरांच्या मेंदूवर दुसऱ्या प्रकाराचे प्रयोगही त्यांनीं केले आहेत, हें आम्ही विसरत नाहीं. तथापि गोगलगाईच्या कल्ल्यापासून निळ्या मोटारीपर्यंत ते ज्या सहजतेनें येतात, ती सहजता शब्दाची आहे, पुराव्याची नव्हे. संस्काराचें शास्त्र त्यांनीं उत्तम सांगितलें. वाती वळणाऱ्या बोटांचा उलगडा त्यांतून होतो. ‘दादा’ या हांकेचा होत नाहीं.

आणि तिसरी स्मृति आहे शहराची. पारितोषिकानंतर ऑस्ट्रियानें कॅंडेल यांस आपला माणूस म्हणून मिरवूं पाहिलें, तेव्हां हा मान अमेरिकन ज्यूचा आहे असें त्यांनीं बजावलें. राष्ट्राध्यक्ष क्लेस्टिल यांच्याशीं झालेल्या बोलण्यांतून पुढें २००३ सालीं व्हिएन्नांत ऑस्ट्रियाच्या नाझी काळांतील वर्तनावर परिषद भरली. ही हकीकत असलेलें प्रकरण आम्हीं दोनदां वाचलें. तेथें पेशी नाहीं, रसायन नाहीं. ज्याची मोटार गेली तो म्हातारा होऊन परत आला आहे, आणि ज्यांनीं ती नेली त्यांचें शहर त्याच्याशीं फार आदबीनें बोलत आहे. येथें विसर पडला तो कोणाचा सांधा तुटला म्हणून नव्हे. व्हिएन्ना विद्यापीठ ज्या रस्त्यावर उभें आहे त्यास तेव्हां कार्ल ल्यूगर या ज्यूद्वेष्ट्या महापौराचें नांव होतें, आणि तें बदलावें असें कॅंडेल यांनीं सांगितलें होतें. तें २०१२ सालीं बदललें.