मौनाचा अर्थ कोणी लावायचा?

शाळेच्या प्रयोगवहीत चुकलेला प्रयोग सहसा सापडत नाही. लंबकाचा आवर्तकाल हवा तेवढा आला नाही, की विद्यार्थी खोडरबर घेतो आणि पुस्तकातला आकडा लिहितो. गुण मिळतात, पण चूक नेमकी कोठे झाली हे कळण्याची संधी जाते. याउलट, चुकलेल्या कामाची वही न खोडता सर्वांपुढे ठेवल्याचे एक चांगले उदाहरण संगणकाच्या क्षेत्रात आहे. ते म्हणजे गिटलॅब या कंपनीने १० फेब्रुवारी २०१७ रोजी प्रसिद्ध केलेला अपघाताचा अहवाल. शिक्षकांनी तो अवश्य वाचावा असे आम्हांला वाटते. मात्र एका मुद्द्यावर आमचा त्याच्याशी मतभेद आहे.

प्रथम घटना पाहू. गिटलॅबच्या संकेतस्थळावर जगभरचे प्रोग्रॅमर आपले काम साठवतात. या संकेतस्थळाच्या सर्व्हर-समूहात माहितीसाठा सांभाळणारे दोन सर्व्हर होते : एक मुख्य, आणि त्याची नक्कल सतत उतरवून घेणारा दुसरा, दुय्यम. ३१ जानेवारी २०१७ रोजी मुख्य सर्व्हरवरचा भार अचानक वाढला, दुय्यम मागे पडत गेला आणि शेवटी नक्कल थांबली. आता ती पहिल्यापासून करणे भाग होते. त्यासाठी 'पीजी-बेसबॅकअप' ही आज्ञा असते. नक्कल जेथे उतरवायची ती डिरेक्टरी रिकामी असावी, ही तिची अट.

दुय्यम सर्व्हरवरची डिरेक्टरी रिकामी करून अभियंत्याने कन्सोलवर, म्हणजे आज्ञा टंकित करण्याच्या पडद्यावर, ही आज्ञा दिली. सुरुवातीच्या काही अडचणी दूर केल्यावरही पडद्यावर काहीच उमटेना. आधीच्या प्रयत्नांत डिरेक्टरीत काही उरले असावे, अशी शंका येऊन त्याने ती पुन्हा पुसण्याची आज्ञा दिली. ग्रिनिच वेळेनुसार तेव्हा रात्रीचे ११ वाजून गेले होते. आज्ञा बरोबर होती, सर्व्हर मात्र चुकला होता. ती मुख्य सर्व्हरवर दिली गेली. एकदोन सेकंदांत चूक ध्यानात आली, पण तोवर सुमारे ३०० गिगाबाइटपैकी ४.५ गिगाबाइटच माहिती उरली होती.

खरी मौज पुढेच आहे. 'पीजी-बेसबॅकअप' बिघडलेली नव्हतीच. मुख्य सर्व्हर माहिती पाठवायला लागेपर्यंत ती थांबून राहते आणि त्या वेळात एक अक्षरही बोलत नाही. हे माहितीपुस्तिकेतही नीट स्पष्ट केलेले नव्हते. काम चालू असतानाचे हे मौन बिघाड म्हणून वाचले गेले.

दुसरे मौन याच्या अगदी उलट निघाले. रोज आपोआप घेतली जाणारी राखीव प्रत शोधायला गेल्यावर ती जागा रिकामी आढळली. माहितीसाठा ९.६ या आवृत्तीचा, तर प्रत काढणारा प्रोग्रॅम ९.२ चा, त्यामुळे प्रत निघतच नव्हती. तसे कळवणाऱ्या ई-मेल जात होत्या, पण टपालव्यवस्था त्या नाकारत होती. तक्रार नाही म्हणजे सारे ठीक, अशी समजूत झाली. येथे बिघाडाचे मौन सुरळीतपणा म्हणून वाचले गेले. सुमारे ६ तास आधी दुसऱ्याच कामासाठी कोणीतरी हाताने काढलेली एक प्रत होती, म्हणून निभावले. संकेतस्थळ सुमारे १८ तास बंद राहिले आणि मधल्या सहा तासांतल्या नोंदी कायमच्या गेल्या.

हे सारे कंपनीने वेळा देऊन लिहिले आहे. दुरुस्ती चालू असताना तिचे थेट प्रक्षेपणही केले. दोष एका माणसाच्या माथी न मारता 'असे का?' हा प्रश्न पुन्हा पुन्हा विचारत अहवाल मुळाकडे जातो. उपायही शहाणपणाचे आहेत : आपण कोणत्या सर्व्हरवर आहोत हे कन्सोलवर ठळकपणे दिसावे, राखीव प्रतींवर देखरेख असावी, त्यांतून माहिती खरोखर परत मिळते का हे आपोआप तपासले जावे.

आता मतभेद. ती गप्प आज्ञा काय करीत आहे हे पाहण्यासाठी 'एसट्रेस' ही आज्ञा वापरली होती, असे अहवाल सांगतो. चालू प्रोग्रॅम संगणकाच्या कार्यप्रणालीकडे काय मागतो, हे ती दाखवते. 'पोल' या मागणीवर प्रोग्रॅम अडकलेला दिसला, पण त्यातून उपयोगाचे काही कळले नाही, असे म्हणून अहवाल पुढे जातो. आम्हांला हे पटत नाही. 'पोल' म्हणजे कोणाकडून काही येते का, याची वाट पाहणे. हा प्रोग्रॅम वाट पाहत होता, एवढे उत्तर मिळालेच होते. कोणाची वाट, हे पाहायला मुख्य सर्व्हरकडे नजर टाकायची होती. त्या रात्रीच्या थकव्यात हे सुचले नाही, यात नवल नाही. पण दहा दिवसांनी शांतपणे लिहिताना तरी हा धागा पकडायला हवा होता. अहवालाने पुसण्याच्या चुकीला कुंपण घातले. वाचण्याच्या चुकीकडे पुरेसे पाहिले नाही.

शिक्षकांच्या दृष्टीने हाच भाग मोलाचा आहे. संगणकाच्या तासाला आपण आज्ञांची यादी पाठ करवून घेतो. त्याऐवजी त्यांचे दोन गट करायला सांगावे : नुसते पाहणाऱ्या आणि बदल घडवणाऱ्या. 'होस्टनेम' आपण कोणत्या यंत्रावर आहोत ते सांगते, 'डीएफ' डिस्कवरची जागा दाखवते. यांनी काही बिघडत नाही. 'आरएम' पुसते, आणि सक्तीचा पर्याय जोडला तर पुन्हा विचारतही नाही. दुसऱ्या गटातली आज्ञा देण्याआधी पहिल्या गटातली एक तरी द्यावी, आणि काय उत्तर अपेक्षित आहे ते आधी वहीत लिहावे. उत्तर वेगळे आले, किंवा आलेच नाही, तर तेही न खोडता नोंदवावे.

'समजले का?' या प्रश्नावर सारा वर्ग गप्प बसतो, तेव्हा समजले असे धरून आपण पुढचा धडा घेतो. ते मौन कोणत्या जातीचे आहे, हे आणखी एक प्रश्न विचारल्यावाचून कळत नाही.