शंभर मायक्रोफोन आणि बंदिवान कवी

नाताळ जवळ आला की आपल्या घरोघरी गव्हाण उभी राहते. गवत, माती, रंगीत कागद, एखादा लहानसा दिवा अशा साध्या वस्तूंची अर्थपूर्ण मांडणी होते आणि तिच्यापुढे आपले गुडघे आपोआप टेकतात. हे ध्यानी घेतले म्हणजे ‘मांडणशिल्प’ हा आधुनिक कलाप्रकार आपल्या वाचकांना तितकासा परका वाटणार नाही.

मुंबईच्या शिल्पा गुप्ता (जन्म १९७६) यांनी सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिल्पकलेचे शिक्षण घेतले. त्यांची २०१७-१८ मधील एक कलाकृती आम्ही २०१९ च्या आरंभी कोचीच्या द्वैवार्षिक कलाप्रदर्शनात पाहिली. त्याच वर्षी ती व्हेनिसलाही मांडली गेली. ‘कारण तुमच्या भाषेत मी मावत नाही’ हा तिच्या इंग्रजी शीर्षकाचा आशय. त्यामागे धर्मद्रोहाच्या आरोपावरून देहान्त शासन झालेल्या नसीमी या अझेरी कवीची प्रेरणा आहे.

अंधूक दालनात धातूचे शंभर टोकदार गज उभे आहेत. प्रत्येक गजावर एक कागद खुपसलेला, त्यावर एकेका कवीच्या काही ओळी. आणि वरून शंभर मायक्रोफोन लोंबतात. हे कवी निरनिराळ्या शतकांतील व देशांतील; लेखनापायी वा मतांपायी बंदिवास सोसलेले. एक आवाज ओळ उच्चारतो, इतर आवाज ती उचलून धरतात. आम्हांला संतांची लितानी आठवली.

या निर्मितीची वाट समजून घेण्याजोगी आहे. २०११ मध्ये बाईंनी टोपणनावाने वा निनावी लिहिल्या गेलेल्या शंभर पुस्तकांचे ग्रंथालय धातूत घडविले होते. लपविलेल्या नावांकडून त्या दडपलेल्या आवाजांकडे वळल्या. नित्याची वस्तू घेऊन तिचा धर्म उलटविणे ही त्यांची रीत. मायक्रोफोनने ऐकावयाचे, येथे तोच बोलतो.

आमचा एक आक्षेप आहे. तुटक ओळींमुळे कवीची समग्र कविता हाती लागत नाही; शंभरांच्या मेळ्यात एकेकाची ओळख पुसट होते. अरबी, रशियन, अझेरी ओळींचा अर्थही आम्हांला उमगला नाही. परंतु उमरीच्या बाजारात मराठी, तेलुगू, उर्दू एकाच वेळी कानी पडतात. शब्द न कळताही बोलणाऱ्याची व्यथा कळते, हा अनुभव येथे नवा नाही. त्या दालनात तसेच घडले.

या तुरुंगांच्या किल्ल्या केवळ राजांच्याच हाती होत्या, असे मानून आपण सुटू शकत नाही. कार्मेलाईट संघाचे संत जॉन ऑफ द क्रॉस यांना त्यांच्याच संघबंधूंनी १५७७-७८ मध्ये तोलेदो येथे कोंडून ठेवले. आज आपण ज्या कवितेला भक्तीचा ठेवा मानतो, तिचा मोठा भाग त्या अंधारकोठडीत रचला गेला. कोंडणारेही प्रार्थना करणारेच होते.

कोचीहून परतल्यानंतरच्या रविवारी वेदीजवळच्या मायक्रोफोनपुढे आम्ही उभे राहिलो, तेव्हा प्रवचनाचा पहिला शब्द लवकर उमटला नाही. इतकी वर्षे त्यातून एकच आवाज जात आला होता. मागल्या बाकांवर बसणाऱ्या किती जणांचे म्हणणे आम्ही कधीच ऐकून घेतले नाही, याचा हिशेब त्या दिवशी सुरू झाला. तो अद्याप पुरा झालेला नाही.