बकलंड अ‍ॅबे : वास्तू आणि वीरकथा

सोळाव्या शतकातील मठविसर्जनानंतर इंग्लंडमधील अनेक ख्रिस्ती मठांची निवासस्थाने झाली. या रूपांतरात बहुधा प्रार्थनामंदिर पाडले जाई आणि मठवासीयांच्या इमारती राखल्या जात. लेकॉक येथे असेच घडले. डेव्हन परगण्यातील बकलंड अ‍ॅबेचा प्रकार याच्या नेमका उलट आहे, आणि त्यातच या वास्तूचे खरे महत्त्व आहे.

१२७८ मध्ये स्थापन झालेला हा सिस्टर्शियन पंथाचा मठ १५३९ मध्ये विसर्जित होऊन १५४१ मध्ये ग्रेनव्हिल घराण्याकडे आला. पुढे दर्यावर्दी सेनानी सर रिचर्ड ग्रेनव्हिल याने निवासासाठी प्रार्थनामंदिरच निवडले. उंच मध्यदालनात मजले घातले गेले आणि मनोऱ्याखाली दिवाणखाना सजला. पाडलेल्या बाजूच्या छपराची उतरती रेषा मनोऱ्याच्या भिंतीवर आजही दिसते. दिवाणखान्यातील गिलाव्याच्या शिल्पपट्टीवर १५७६ हे साल असून, ढालचिलखत झाडाला टांगून विसावलेला योद्धा तीत दाखविला आहे. हे चित्र निवृत्तीचे आहे. ग्रेनव्हिलला मात्र १५९१ मध्ये अझोर्सनजीकच्या नौकायुद्धात मृत्यू आला.

तथापि लोकमानसात हे घर ग्रेनव्हिलचे नव्हे, तर फ्रान्सिस ड्रेकचे आहे. पृथ्वीप्रदक्षिणा करून १५८० मध्ये परतलेल्या ड्रेकने ते पुढील वर्षी घेतले. १५९६ मध्ये पोर्टोबेलोजवळ तो मरण पावला व त्याला सागरातच समाधी मिळाली. ड्रेकचा म्हणून या घराशी निगडित असलेला ढोल राष्ट्रसंकटी वाजतो, ही आख्यायिका हेन्री न्यूबोल्टच्या १८९७ मधील काव्यसंग्रहातील कवितेमुळे सर्वदूर पसरली. म्हणजे ज्या स्मृतीला प्रेक्षक एलिझाबेथकालीन मानतो, तिचे प्रचलित रूप बव्हंशी व्हिक्टोरियाकालीन आहे. हॉकिन्सच्या गुलामव्यापारी सफरींतील ड्रेकच्या सहभागाला त्या रूपात स्थान नाही.

आख्यायिका त्याज्य आहे, असा याचा अर्थ नव्हे. तीही इतिहासाचे साधनच होय, परंतु ती ज्या काळात रूढ झाली त्या काळाच्या इतिहासाचे. वास्तूची साक्ष मात्र निराळी आहे. मठाचा उच्छेद, प्रार्थनास्थळाचे गृहस्थीकरण आणि नव्या धनिक वर्गाचा उदय या तिन्ही घटना तिच्या भिंतींत एकत्र वाचता येतात. म्हणूनच अभ्यासकाने बकलंडचे वाचन ढोलापासून नव्हे, तर मनोऱ्यावरील त्या उतरत्या रेषेपासून आरंभणे युक्त ठरेल.