अंगठी आणि उंबरठा

एका माध्यमातील पात्रे दुसऱ्या माध्यमात नेणे हा अनुवादाचाच एक प्रकार होय. अशा वेळी मुळातले काय सुटले याची मोजदाद आवर्जून होते. नव्या माध्यमाने मुळाविषयी काय उघड केले, हा प्रश्न मात्र क्वचितच विचारला जातो. ‘द सिम्स ४’ या संगणकीय खेळात कार्टून मालिकांतील पात्रे पुन्हा घडविण्याचा जो छंद खेळाडूंत रूढ आहे, त्याचा विचार या दुसऱ्या प्रश्नाच्या अनुरोधाने करण्याजोगा आहे. पर्यावरणरक्षणाचा उघड पुरस्कार करणारी ‘कॅप्टन प्लॅनेट अँड द प्लॅनेटिअर्स’ ही मालिका त्यासाठी उत्तम उदाहरण ठरते.

टेड टर्नर आणि बार्बरा पाइल यांच्या कल्पनेतून १९९० साली अमेरिकेत सुरू झालेली व १९९६ पर्यंत चाललेली ही मालिका म्हणजे एक सरळ रूपककथा आहे. पृथ्वीची अधिष्ठात्री गाया पाच तरुणांना पाच अंगठ्या देते. आफ्रिकेच्या क्वामेला पृथ्वी, उत्तर अमेरिकेच्या व्हीलरला अग्नी, सोव्हिएत संघातून आलेल्या लिंकाला वायू, आशियातील गीला जल आणि दक्षिण अमेरिकेच्या मा-टीला हृदय अशी ही वाटणी. पंचमहाभूतांशी परिचित भारतीय वाचकाला आकाशाच्या जागी हृदय आलेले पाहून नवल वाटावे. पाचही शक्ती एकवटल्या, की हिरव्या केसांचा महानायक प्रकट होतो आणि प्रदूषण करणाऱ्यांना पिटाळून लावतो. लूटन प्लंडर, हॉगिश ग्रीडली ही या खलनायकांची नावेच लूट आणि हाव यांवरून बेतलेली आहेत. मर्ढेकरांच्या परिभाषेत सांगायचे, तर ही सारी रचना विरोधलयीवर उभी आहे.

‘द सिम्स’ची प्रकृती याहून अगदी निराळी. तिचा कर्ता विल राइट याचे घर १९९१ च्या ओकलंड येथील वणव्यात जळाले. ते पुन्हा मांडताना आलेल्या अनुभवाचा वाटा २००० साली निघालेल्या पहिल्या खेळात होता. वस्तुतः ही संगणकावरची भातुकलीच आहे. महानायकाची निळी कांती येथे सहज साधते. स्वभाव मात्र प्रौढ पात्राला तीनच विशेषांत बसवावा लागतो. शिवाय ही पात्रे ‘सिमलिश’ नावाची, शब्दार्थ नसलेली भाषा बोलतात. साहजिकच मुळातील उपदेश व आवाहन एका फटक्यात गळून पडते. अंगठी केवळ अलंकार उरते. ग्रीडलीही घडविता येतो; पण त्याला भूक लागते, झोप येते, आणि तो शेजारी म्हणून नांदू लागतो.

येथवर हा अनुवाद म्हणजे निव्वळ हानीच वाटेल. परंतु २०२० साली आलेल्या ‘इको लाइफस्टाइल’ या पुरवणीतील एव्हरग्रीन हार्बर या गावी हे पाच जण एका घरात राहू लागले, की चित्र पालटते. येथे प्रत्येक वस्तीचा पर्यावरणावरील ठसा हिरवा, मध्यम वा औद्योगिक असतो आणि त्याप्रमाणे हवा धुरकटते किंवा निवळते. लिंकाचा वायू पवनचक्कीत, गीचे जल दव गोळा करणाऱ्या यंत्रात, क्वामेची पृथ्वी बागेत आणि व्हीलरचा अग्नी चुलीत उतरतो. जे सामर्थ्य आरोळीसरशी प्रकटत होते, ते आता रोजच्या सवयीतून सिद्ध करावे लागते. कचरा कोठे टाकावा, हा प्रश्न महानायकाच्या उंबरठ्यावर बहुधा प्रथमच येतो.

या रूपांतराचे खरे फळ मा-टीच्या ठिकाणी दिसते. मुळात पृथ्वी हादरविणाऱ्या आणि आग ओकणाऱ्या अंगठ्यांपुढे हृदयाची अंगठी दुबळी वाटे. खेळात मात्र वस्तीचे नियम शेजाऱ्यांच्या मतांनी ठरतात आणि ती मते वळविण्यासाठी दारोदार बोलावे लागते. आपले घर कितीही हिरवे केले, तरी उरलेली वस्ती सोबत आल्याखेरीज तिचा कायापालट पुरा होत नाही. म्हणजे हृदय ही पाचवी शक्ती नसून इतर चौघींची पूर्वअट आहे. हा अर्थ मूळ मालिकेतही होता. महानायकाच्या झगमगाटात तो झाकोळला होता, इतकेच.

तथापि या लाभाची किंमतही नोंदविली पाहिजे. लुटीला लूट म्हणण्याचे धैर्य मूळ मालिकेत होते. तिचा खलनायक ढोबळ असला, तरी नफ्यासाठी नदी नासविणारा कोणीतरी असतो हे ती मुलांना सांगत होती. खेळात दोषी असा कोणी उरत नाही. प्रदूषण म्हणजे चुकीच्या वस्तूंची बेरीज, आणि योग्य वस्तू विकत घेतल्या की त्याचे निवारण झाले, अशी समजूत त्यातून सहज रुजते. कारखानदाराचे पाप गृहिणीच्या माथी मारण्याचाच हा प्रकार आहे.

म्हणून ग्रीडलीला शेजारी म्हणून वसविणारा खेळाडू नकळत कठीण प्रश्न उभा करतो. ज्याला पिटाळून लावता येत नाही, ज्याच्यासोबत रोज राहायचे आहे आणि ज्याचा अपराध तर विसरता कामा नये, अशा माणसाशी बोलायचे कसे? मूळ मालिकेला या प्रश्नाची गरज भासली नाही, आणि खेळाजवळ त्यासाठी शब्द नाहीत. दोन्ही कृती एकमेकींशेजारी ठेवल्या, तरच तो ऐकू येतो.