भावना ओळखता न येणं: कमीअधिक की वेगळंच?

गेल्या वेळी आपण भावना आणि शब्द यांच्या नात्यापाशी थांबलो होतो. आज तिथूनच पुढे. स्वतःच्या भावना ओळखता न येणं, सांगता न येणं, याला मनोविकारतज्ज्ञ पीटर सिफ्निओस यांनी १९७० च्या दशकात 'ॲलेक्झिथायमिया' हे नाव दिलं. ग्रीक शब्द आहे. भावनेला शब्द नसणं, एवढाच अर्थ. प्रश्न असा, की ही माणसं वेगळ्या प्रकारची, की आपण सगळेच थोडेफार तसे?

टोरांटो मापनीत वीस विधानं आहेत, प्रत्येकाला एक ते पाच गुण. बेरीज ६१ किंवा वर गेली की 'आहे', ५१ किंवा खाली 'नाही', मधले 'कदाचित'. ही रेघ सोयीची आहे, निसर्गाची नव्हे. रक्तदाबाचं तसंच की! १३९ वाला आणि १४० वाला काही दोन जातींचे नसतात. २००८ साली पार्कर आणि सहकाऱ्यांनी संख्याशास्त्राने तपासलं, तेव्हाही वेगळा गट सापडला नाही, कमीअधिकपणाच दिसला.

इथवर आम्हाला मान्य. पण कमीअधिक म्हणजे कशाचं? ओळखणं, सांगणं आणि लक्ष बाहेरच्या गोष्टींकडे असणं, असे तीन घटक मापनीतच आहेत. शेवटी तिघांची बेरीज होते. ज्याला आतलं कळतं पण आईसमोर तोंड उघडत नाही तो, आणि ज्याला कळतच नाही तो, एकाच आकड्यावर येऊ शकतात. शिवाय उत्तरं द्यायची कुणी? त्यानेच, ज्याला स्वतःचं कळत नाही असा आपला संशय आहे!

डॉक्टरांनाही न उमगणाऱ्या शारीरिक संवेदना होतात का, असंही त्यात विचारलंय. आमच्या नात्यातले एक गृहस्थ पत्नी गेल्यावर महिनोन्महिने पोटाच्या तपासण्या करत होते. दुःख होतंय का विचारलं, तर म्हणायचे, "छे, पोटात कालवतं फक्त." आता मराठीत हे दुखण्याचं वर्णन की भावनेचं? मापनी त्यांचे गुण वाढवणार. आमच्या मते त्यांनी अर्धं सांगितलं होतं.

मुलीने शेवटी प्रश्न बदलला. कधी कालवतं, बाबा?

"संध्याकाळी. एकाच कपाचं आधण ठेवताना."