आठवणीतला कर्ता

कोल्हापूरविषयीच्या कौटुंबिक आठवणींना एक ठरीव साचा आहे : आजोबा शाहू महाराजांच्या आसपास कुठेतरी उभे असतातच. त्या खऱ्या की खोट्या, हा प्रश्न दुय्यम; त्यांतील कर्ता कोण, हे पाहिले पाहिजे. गंगाराम कांबळे यांच्या दुकानात महाराजांनी चहा घेतला, ही कथा बहुधा राजाच्या औदार्याची म्हणून सांगितली जाते. (राजवाड्याकडे तोंड करून लिहिण्याची आपली सवय जुनीच!) परंतु हौदाला शिवल्याबद्दल मार खाल्लेल्या माणसाने, महाराजांच्या पाठबळाने का होईना, भररस्त्यावर दुकान थाटले, ही कृती त्या चहाच्या आधीची आहे. १९०२ च्या आदेशातील ५० टक्के जागा दप्तरात सापडतात. सवर्ण गिऱ्हाईक फिरकत नसताना दुकान उघडे ठेवणाऱ्याचे धैर्य मात्र केवळ या आठवणीतच उरले आहे, आणि तेही दुय्यम पात्राच्या वाट्याला आलेल्या एखाद्या वाक्यापुरते.