आढं आणि वळचण

दिंद्रुडहून तेलगावला यावं आणि धारूरची वाट धरावी. सपाटीवरून निवांत चाललेला रस्ता एकाएकी डोंगराला भिडतो आणि वळणं घेत चढू लागतो. घाटात जरा थांबून मागं पाहिलं, की खाली काळी रानं पसरलेली दिसतात, कापसाची, उसाची. ती उतरत उतरत गंगथडीला जातात. गोदावरीला आमच्याकडे गंगाच म्हणतात. बीड जिल्ह्याचा नकाशा घरात बसून मी पुष्कळ वेळा पाहिला होता, पण त्याच्या रेघांचा अर्थ लागला तो या वळणावर.

नकाशावरच्या रेघेलाही रचना असते, कवितेच्या ओळीसारखी. ती कुठं वळते, कुठं थांबते, कशाला धरून चालते, हे पाहत गेलं की ती बोलू लागते. स्वित्झर्लंड आणि इटलीमधली सरहद्द बरीचशी आल्प्सच्या माथ्यावरून जाते. शिखराच्या अलीकडचं पाणी एका देशाचं, पलीकडचं दुसऱ्याचं. दोन शेजाऱ्यांनी एकाच आढ्याखाली राहावं आणि एकेक पाखा वाटून घ्यावा, तशी ही मांडणी आहे.

बीडची मांडणी नेमकी उलटी. इथलं आढं म्हणजे बालाघाट, आणि तो जिल्ह्याच्या काठावर नाही, मधोमध आहे. सरहद्द पडली ती वळचणीला, जिथं पाणी उतरून येतं तिथं. उत्तरेला गोदावरी, दक्षिणेला मांजरा, पश्चिमेला आष्टीकडे सीना. काठाचा मोठा भाग या नद्यांनीच आखून दिला आहे. डोंगरानं इथं माणसं तोडली नाहीत. वरचा बालाघाट आणि खालचा पायीनघाट असे एकाच घराचे दोन भाग केले. बाला म्हणजे वरचा, पायीन म्हणजे खालचा. निजामी अमदानीच्या फारसीतले हे शब्द, पण घाट चढताना गुडघ्यांना कळतात.

या रचनेतली मला सगळ्यांत आवडणारी जागा पाटोदा तालुक्यात आहे. सिंदफणा तिथं उगवते आणि मांजराही तिथंच. सिंदफणा माजलगावच्या धरणातून पुढं जाऊन मंजरथला गंगेला मिळते. मांजरा मात्र दक्षिणेची वाट धरते, जिल्ह्याची कड आखत लातूरकडे जाते आणि सातशेहून जास्त किलोमीटरचा वळसा घालून तेलंगणाच्या हद्दीवर, कंदकुर्तीला, त्याच गंगेत उतरते. शेजारी जन्मलेल्या दोघींची भेट एवढ्या लांब ठेवणारा हा डोंगर मला थोर कवीसारखा वाटतो. सीनेचा सूरच वेगळा. ती भीमेला मिळते, भीमा कृष्णेला. म्हणजे आष्टीकडच्या वळचणीचं पाणी गंगेच्या घरात येतच नाही.

आल्प्सच्या रेघेलाही असे अपवाद आहेत. वाल दि लेई हे खोरं इटलीत, पण त्याचं पाणी ऱ्हाईनला जातं. तिथं धरण बांधताना भिंत स्वित्झर्लंडच्या हद्दीत यावी म्हणून दोन्ही देशांनी जमिनीची अदलाबदल केली. आणि 2023 साली तर मॅटरहॉर्नच्या परिसरातली सरहद्द थोडी सरकवायचं ठरलं, कारण बर्फ वितळल्यानं पाणी वाटणारा माथाच जागचा हलला होता. हे वाचलं तेव्हा मी बराच वेळ नकाशावर बोट ठेवून बसलो होतो. बालाघाट दगडाचा आहे, तो असा हलायचा नाही.

हललं ते सीनेकाठचं राज्य. सीना कित्येक मैल निजामाचं हैदराबाद आणि इंग्रजांचा अहमदनगर जिल्हा यांच्यामधून वाहत होती. 1947-48 मध्ये निजामाविरुद्ध लढणारे सरहद्दीपलीकडे कॅम्प टाकून होते. सप्टेंबर 1948 मध्ये हैदराबाद संस्थान भारतात आलं, 1956 मध्ये मराठवाडा मुंबई राज्यात गेला, आणि राज्यांमधली ती रेघ दोन जिल्ह्यांची शीव होऊन राहिली. पात्र तेच, पाणी तेच.

आता ती ओलांडतात ऊसतोड कामगार. दसरा-दिवाळी झाली, की डोंगरपट्ट्यातल्या गावांतून उचल घेतलेल्या जोड्या बिऱ्हाड, कोयते, लेकरं ट्रकमध्ये भरून पश्चिमेकडे निघतात. घाटावर पाऊस पडतो, पण तो इथं थांबत नाही; दोन्ही पाख्यांवरून वळचणीला जातो. त्याच्या मागोमाग माणसंही उतरतात. धारूरच्या घाटात संध्याकाळी उभं राहिलं, की त्या ट्रकचे दिवे एका वळणावर दिसतात, दुसऱ्या वळणाआड जातात, आणि बऱ्याच वेळानं खाली तेलगावच्या बाजूला पुन्हा दिसतात.